दोन आकडे आणि गणपतीची सुट्टी

मूल राहत नाही म्हणून तपासण्या सुरू झाल्या, की काही महिन्यांतच घरात एक प्लॅस्टिकची फाईल तयार होते. ती उघडली तर बहुतेक वेळा दोन आकड्यांभोवती पेनाने गोल केलेला दिसतो. एक टीएसएचचा, म्हणजे थायरॉइडचा; दुसरा एएमएचचा, म्हणजे अंडाशयात बीजांचा साठा किती उरलाय त्याचा. गोल डॉक्टरांनी केलेला असतो, पण तो वाचतात सगळेच: नवरा, जाऊ, विरारची नणंद. घरात दोन्हींना मिळून एकच नाव पडतं, ‘हिला हार्मोन्सचा त्रास आहे’. तिथून पुढे दोन अगदी निराळ्या गोष्टी एकाच खात्यात जमा होतात. टीएसएच हा गोळीने सहा-आठ आठवड्यांत जागेवर येणारा आकडा आहे. एएमएच कुठल्याही गोळीने भरवशाने वाढत नाही, पण तो कमी आला म्हणजे मूल होणारच नाही, असंही नसतं. कोकणात या दोन आकड्यांची गल्लत जास्तच महागात पडते. इथे तपासणीला जायचं म्हणजे एक अख्खा दिवस जातो, आणि नवरा त्या वेळी गावात असेलच असं नाही.

आधी टीएसएच बघू. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणारा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीकडून येतो. तो हुकूम म्हणजे टीएसएच. थायरॉइड मंद पडली की हुकमाचा आवाज चढतो. म्हणजे टीएसएच वाढला, तर थायरॉइड कमी पडतंय. हे उलटं समजून कोबी बंद, मासे बंद, असले पथ्यपाण्याचे प्रयोग घरोघर चालतात. त्यांचा काडीचाही उपयोग नसतो.

थायरॉइड मंद असताना दिवस का राहत नाहीत, याची साखळी समजून घेण्यासारखी आहे. मेंदूतून टीआरएच नावाचं संप्रेरक वाढतं. ते टीएसएचबरोबर प्रोलॅक्टिन, म्हणजे अंगावर दूध आणणारं संप्रेरक, तेही वाढवतं. प्रोलॅक्टिन चढलं, की अंडाशयाकडे जाणारे संकेत मंदावतात आणि स्त्रीबीज वेळेवर फुटत नाही. पाळी लांबते, किंवा आली की जास्त दिवस आणि जास्त प्रमाणात जाते. शिवाय स्त्रीबीजाभोवती ज्या पेशींचं वेष्टन असतं, त्या पेशींनाही थायरॉइडचं संप्रेरक लागतं. बीज वाढवणारं एफएसएच त्याच्या जोडीने जास्त चांगलं काम करतं.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. रिपोर्टात प्रोलॅक्टिन थोडं वाढलेलं आणि टीएसएचही वाढलेला दिसला, तर आधी थायरॉइडची गोळी सुरू करून टीएसएच खाली आणायचा आणि मग प्रोलॅक्टिन पुन्हा बघायचं. पुष्कळदा ते आपोआप उतरलेलं असतं आणि त्यासाठीची वेगळी गोळी लागतच नाही. प्रोलॅक्टिनचं रक्त उठल्यावर दोन-तीन तासांनी, जरा निवांत बसून द्यावं. पहाटेच्या एसटीत दीड तास उभं राहून धावतपळत लॅब गाठली आणि लगेच सुई टोचून घेतली, तर प्रोलॅक्टिन उगाचच वाढलेलं येऊ शकतं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची, कारण तिच्यात कायमचं नुकसान होऊ शकतं. थायरॉइड फारच मंद असेल, टीएसएच दोन-तीन अंकी असेल, तर अंडाशय सुजून त्यात बऱ्याच गाठी दिसू शकतात. सोनोग्राफीत सिस्ट दिसली की घरचे घाबरतात आणि ‘काढून टाका’ म्हणतात. या प्रकारच्या सिस्ट थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडची गोळी, सुरू केल्यावर काही महिन्यांत विरघळतात. कापल्या, तर सिस्टबरोबर अंडाशयाचं चांगलं ऊतकही निघतं आणि बीजांचा साठा कायमचा घटतो. त्यामुळे अंडाशयावरच्या कुठल्याही बिनतातडीच्या शस्त्रक्रियेआधी टीएसएच बघितला आहे का, हे तोंडाने विचारावं. लाजायचं काही कारण नाही. एंडोमेट्रिओसिसच्या, म्हणजे ज्याला चॉकलेट सिस्ट म्हणतात त्या गाठींचंही तसंच. त्या काढल्यावर एएमएच उतरतो, म्हणून ऑपरेशनच्या आधीचा एएमएच कागदावर असलेला बरा.

टीएसएच किती असावा? सर्वसाधारण प्रौढांत ०.४ ते ४ किंवा ४.५ पर्यंत. मूल हवं असणाऱ्यांसाठी कित्येक वर्षं २.५ ही रेघ धरली जायची, आणि आजही टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात वाढलेला टीएसएच २.५ च्या खाली आणूनच पुढे जातात. १० च्या वर असेल तर गोळीबद्दल दुमत नाही. ४ ते १० मध्ये, मूल हवं असेल तर बहुतेक डॉक्टर गोळी देतात, साधारण २५ ते ५० मायक्रोग्रॅम. २.५ ते ४ हा पट्टा मात्र वादाचा आहे, आणि माझ्या मते त्यावर जेवढा जीव टाकला जातो तेवढा टाकण्यासारखा तो नाही. टीएसएच ३.१ आला म्हणून सहा महिने थायरॉइडच्या मागे घालवणाऱ्या पस्तिशीतल्या बाईने खरं तर सहा महिने गमावलेले असतात.

थायरॉइड पुरतं मंद असेल तर गोळीचा हिशेब वजनावर असतो, किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम. ५५ किलोच्या बाईला ८८ च्या आसपास. गोळीचा परिणाम पूर्ण उतरायला सहा आठवडे लागतात, कारण रक्तातलं थायरॉक्सिन अर्धं व्हायलाच आठवडा जातो. म्हणून गोळी सुरू करून पंधरा दिवसांनी टीएसएच करायला धावू नये. येणारा आकडा अर्धवट असतो आणि त्यावरून डोस हलवला, की पुढच्या वेळी तो उलट्या टोकाला जातो.

आता ती गोळी हातात घेऊन बघू, कारण सगळी गफलत तिथेच होते. ती येते लहानशा बाटलीत, आत सिलिका जेलची पुडी असते. या औषधाला तीन शत्रू: ओल, उष्णता आणि उजेड. जून ते सप्टेंबर कोकणात हवाच ओली असते. खुंटीवरचे कपडे वाळत नाहीत, पापड मऊ पडतात, मिठाला पाणी सुटतं. अशा हवेत गोळ्या बाटलीतून काढून आठवड्याच्या प्लॅस्टिक डबीत भरल्या, किंवा औषधवाल्याने मोजून कागदी पुडीत बांधून दिल्या, तर महिन्याभरात त्यांचा जोर कमी होऊ शकतो. चुलीच्या वरची फळी, न्हाणीघराचा कोनाडा, देव्हाऱ्यातल्या समईशेजारची जागा, या तिन्ही ठिकाणी ती बाटली नको. कपड्यांच्या कपाटात, घट्ट झाकणात, सिलिकाची पुडी तशीच ठेवून ती बरी राहते. वर्षभर टीएसएच छान होता आणि श्रावणात अचानक चढला, तर डोस वाढवण्याआधी ‘बाटली कुठे ठेवतेस?’ हा प्रश्न विचारावा.

गोळी सकाळी उठल्याउठल्या, साध्या पाण्याबरोबर, आणि पुढे अर्धा ते एक तास पोटात काही नको. चहासुद्धा नको. इथेच बहुतेकींचं गणित बिघडतं, कारण पाच वाजता उठणाऱ्या बाईचा पहिला चहा सव्वापाचला होतो. यावर चांगला उपाय म्हणजे गोळी आणि पाण्याचा तांब्या उशाशी ठेवायचा, डोळे उघडले की घ्यायची, आणि मग चूल, अंगण, पाणी भरणं. एक तास असाच निघून जातो. नाचणीचं आंबील किंवा सत्त्व हा चांगला नाश्ता, पण १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, आणि कॅल्शियम थायरॉक्सिनला आतड्यातच धरून ठेवतं. तेव्हा आंबील तासाभराने. कॅल्शियमच्या आणि लोहाच्या गोळ्या मात्र चार तास लांब ठेवायच्या. आशाताई देतात ती लाल गोळी, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची, ती दुपारच्या जेवणानंतर घ्यावी. सकाळीच दोन्ही एकदम घेऊन ‘औषधं वेळेवर चालू आहेत’ असं प्रामाणिकपणे सांगणाऱ्या बायका असतात, आणि टीएसएच का उतरत नाही हे कुणालाच कळत नाही.

सोमवार, संकष्टी, एकादशी: पाण्याबरोबर घेतलेल्या गोळीने उपास मोडत नाही. गणपतीत पहाटेपासून उकड काढण्यात, नारळ खवण्यात गोळी राहिलीच, तर घाबरू नये. आठवडाभराची बेरीज पुरी होणं महत्त्वाचं असतं. राहिलेली गोळी रात्री जेवणानंतर तीन-चार तासांनी चालते. आणि रक्त द्यायच्या दिवशी मात्र गोळी आधी नको, सुई झाल्यावर घ्यावी. दर वेळी साधारण त्याच वेळी रक्त द्यावं, कारण टीएसएच रात्री वर असतो आणि दुपारपर्यंत उतरतो.

केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेणं आता खेड्यापाड्यात पोचलंय. थायरॉइड मंद असणाऱ्यांचे केस गळतातच, म्हणून याच बायका त्या जास्त घेतात. कित्येक लॅबच्या यंत्रांत हे बायोटिन तपासणीतच लुडबूड करतं. टीएसएच खोटा कमी आणि टी-४, म्हणजे रक्तातलं थायरॉक्सिन, खोटं जास्त दिसतं. रिपोर्ट बघून डॉक्टर चांगला चाललेला डोस कमी करतात. काही यंत्रांवर एएमएचही खोटा कमी येतो. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस बायोटिन बंद, डोस मोठा असेल तर चार-पाच दिवस. ‘ते औषध थोडंच आहे, ते केसांचं आहे’ असं म्हणून ते डॉक्टरांना सांगायचं राहतं.

समुद्राकाठच्या माणसाला आयोडीनची काय कमी, असं आपल्याकडे धरून चाललेलं असतं. मासळीत आयोडीन असतं हे खरं. पण मिठागरातल्या खडे मिठात ते नगण्य असतं, समुद्राच्या पाण्यापासून केलेलं असलं तरी. शिरोड्याची मिठागरं १९३० च्या सत्याग्रहामुळे सगळ्यांना ठाऊक आहेत, आणि आजही लोणचं, आगळ, खारातले आंबे, सुकवायची मासळी यांना खडे मीठच लागतं. तिथे ते असू द्यावं. रोजच्या आमटी-भाताचं मीठ मात्र आयोडीनयुक्त असावं. दुकानातल्या पिशवीत ग्राहकाच्या हाती पडताना किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असायला हवं. म्हणजे दिवसाला ५ ग्रॅम मिठातून ७५ मायक्रोग्रॅम, पिशवीत ३० असेल तर १५०. मूल हवं असणाऱ्या बाईची गरज १५० ची, गरोदरपणात २५०. उपासाचं सैंधव आणि हल्ली फॅशनमध्ये आलेलं गुलाबी मीठ यांत आयोडीन घातलेलं नसतं. ते बारा महिने तेराकाळ खाणारी, मासे न खाणारी बाई किनाऱ्यावर राहूनही आयोडीनला कमी पडू शकते. आणि ज्यांचं थायरॉइड शरीराच्याच प्रतिपिंडांमुळे मंद झालंय, त्यांना वरून आयोडीनचे थेंब आणि समुद्री शेवाळाच्या गोळ्या दिल्या तर ते उलट बिघडतं.

एवढं सगळं थायरॉइडबद्दल, कारण तिथे हाताने करण्यासारखं आहे. एएमएचचं तसं नाही.

मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्या अंडाशयांत ६० ते ७० लाख बीजं असतात. जन्माला येताना १० ते २० लाख, पाळी सुरू होताना तीन-चार लाख. त्यातली जेमतेम चारशे-पाचशे आयुष्यात फुटतात, बाकीची आपोआप विरतात. नवीन तयार होत नाहीत. एएमएच बनतं ते लहान, वाढायला लागलेल्या बीजपुटिकांच्या पेशींत. तेव्हा रक्तातल्या एएमएचवरून साठ्याचा अंदाज येतो. कणगी बाहेरून वाजवून आत भात किती उरलंय ते कळतं, त्यातलं कुठलं बी रुजेल ते कळत नाही. रुजणं ठरतं मुख्यतः वयावर. एएमएच ०.६ असलेली तिशीतली बाई आणि एएमएच २ असलेली एक्केचाळिशीची बाई यांत, एकेका बीजाच्या गुणवत्तेचा विचार केला, तर पहिलीचं पारडं जड आहे.

२०१७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३० ते ४४ वयाच्या, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या ७५० स्त्रिया होत्या. नुकतेच प्रयत्न सुरू केलेल्या. ज्यांचा एएमएच ०.७ च्या खाली होता, त्यांना नैसर्गिकरीत्या दिवस राहण्याची शक्यता सहा पाळ्यांनंतर इतरांपेक्षा लक्षणीय कमी नव्हती. महिन्याला एकच बीज लागतं, त्याला मोठा साठा नाही लागत. एएमएचचा खरा उपयोग टेस्ट ट्यूब उपचारात होतो: इंजेक्शनं दिल्यावर एका वेळी किती बीजं मिळतील, डोस किती ठेवायचा, हे त्यावरून ठरतं. ०.५ ते १.१ च्या खाली असेल तर कमी बीजं मिळतील अशी तयारी ठेवायची. आणि दुसरा उपयोग, वेळ किती आहे याची जाणीव. लग्नाआधी ‘पॅकेजमध्ये होतं म्हणून’ केलेला एएमएच हा निव्वळ झोप उडवण्याचा उद्योग आहे.

एएमएचच्या रिपोर्टात आकड्याइतकंच एकक वाचायचं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तो नॅनोग्रॅममध्ये येतो, काही ठिकाणी पिकोमोलमध्ये. मिलिलिटरमागे १ नॅनोग्रॅम म्हणजे लिटरमागे ७.१४ पिकोमोल. या लेखातले एएमएचचे आकडे नॅनोग्रॅममधले आहेत. पिकोमोलमधला ५ हा आकडा बघून ‘मस्त आहे’ म्हणणाऱ्या घरात खरा एएमएच ०.७ असतो. पाळीच्या कुठल्याही दिवशी रक्त दिलं तरी चालतं, उपाशी राहायला नको. पण गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तो थोडा कमी दिसतो, आणि पीसीओएस, म्हणजे अंडाशयात पुष्कळ लहान पुटिका साठून पाळी लांबण्याचा त्रास, असेल तर चांगलाच जास्त.

तालुक्याच्या लॅबमध्ये एएमएच बहुधा होत नाही. नमुना मुंबईला किंवा कोल्हापूरला जातो. म्हणून रक्त देताना दोन प्रश्न विचारावेत: सिरम इथेच वेगळं करून थंड डब्यातून पाठवता का, आणि आजची गाडी किती वाजता निघते. गाडी निघून गेल्यावर दिलेलं रक्त रात्रभर पडून राहणार. जूनच्या पहिल्या वादळात लाईट गेली की फ्रिजही बंद, आणि घाटात दरड आली तर गाडीही अडकली. सकाळी लवकर द्यावं, आठवड्याच्या मधल्या वारी द्यावं. पुन्हा करायची वेळ आली तर त्याच लॅबकडे, त्याच पद्धतीने. दोन वेगळ्या यंत्रांवरचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. एकाच बाईचा एकाच यंत्रावरचाही आकडा थोडा खालीवर होतो. ०.९ चा १.१ झाला म्हणजे साठा वाढला असं नव्हे. साठा वाढवण्याची पावडर विकणाऱ्यांचा धंदा या फरकावर मजेत चालतो.

आता या दोन आकड्यांचं आपसात नातं काय? आहे, पण घरात समजतात तसं नाही. दोन्ही ठिकाणी शरीराची स्वतःविरुद्धची फळी काम करत असू शकते. ज्यांची पाळी चाळिशीच्या आधीच बंद पडायला लागते, त्यांच्यात स्वयंप्रतिकाराचा सगळ्यात जास्त आढळणारा जोडीदार म्हणजे थायरॉइडचाच आजार. म्हणून एएमएच वयाच्या मानाने फारच कमी असेल तर टीएसएचबरोबर ॲण्टी-टीपीओ ही प्रतिपिंडांची तपासणी करतात. आणि टीपीओ वाढलेले असतील, पाळी लांबायला लागली असेल, तर साठा लवकर बघून घेतात. एखादी बाई उंचीला बरीच ठेंगणी, थायरॉइड मंद, एएमएच तळाला, असं एकत्र दिसलं तर गुणसूत्रांची तपासणीही करून घ्यावी. टर्नर सिंड्रोमच्या, म्हणजे एक एक्स गुणसूत्र कमी असण्याच्या, सौम्य प्रकारात तिन्ही एकत्र असू शकतात. टीपीओ वाढले की एएमएच उतरतोच का, यावर मात्र अभ्यास आपसात भांडतात: काहींत उतरलेला दिसला, काहींत नाही. थायरॉइडची गोळी घेऊन गेलेला साठा परत येतो, असं तर कुणीच दाखवलेलं नाही.

टीपीओ वाढलेले पण टीएसएच उत्तम, अशा बायकांनाही ‘असू दे’ म्हणून गोळी दिली जायची. ब्रिटनमध्ये ९५२ स्त्रियांवर हे तपासलं गेलं. गर्भपात किंवा वंध्यत्वाचा इतिहास असलेल्या, टीपीओ वाढलेल्या, थायरॉइडचं काम मात्र व्यवस्थित. निम्म्यांना रोज ५० मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन, निम्म्यांना साखरेसारखी नुसती गोळी. २०१९ साली निकाल आला. जिवंत बाळ घरी नेण्याचं प्रमाण ३७.४ टक्के आणि ३७.९ टक्के, म्हणजे फरक नाही. अशांना गोळी नको, टीएसएचवर लक्ष हवं, कारण पुढे त्यांचं थायरॉइड मंद पडण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते.

तपासण्यांची आखणी कोकणातल्या अंतरांप्रमाणे केली तर निम्म्या फेऱ्या वाचतात. पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी सकाळी एकदाच तालुक्याला जायचं. त्या दिवशी आतून सोनोग्राफी करून दोन्ही अंडाशयांतल्या २ ते १० मिलिमीटरच्या पुटिका मोजतात. लघवी करून मोकळ्या पोटाने झोपायचं, पाणी पिऊन फुगायचं नाही. त्याच दिवशी रक्तात एफएसएच, इस्ट्राडिओल (अंडाशयाचं इस्ट्रोजेन), टीएसएच, प्रोलॅक्टिन, एएमएच, गरज असेल तर टीपीओ. एफएसएच १० च्या वर असेल तर साठा घटल्याची खूण. पण इस्ट्राडिओल ६० ते ८० च्या वर असेल तर ते एफएसएचला दाबून ठेवतं आणि चांगला दिसणारा आकडा फसवा निघतो. म्हणून दोन्ही एकाच नमुन्यात. पाळीत कसली तपासणी, असा संकोच घरात असतो, बाजूला बसायची रीत अजून असलेल्या घरांत तर जास्तच. त्या दिवसाच्या सोनोग्राफीने कसलाही अपाय होत नाही, आणि दिवस चुकवला तर पुढचा महिना.

आणि नवऱ्याची तपासणी. बाईच्या फायलीत चाळीस कागद आणि नवऱ्याचा एकही नाही, हे दृश्य इतकं सर्रास दिसतं की त्याचा राग येतो. दोन ते सात दिवस संबंध टाळून नमुना द्यायचा, तासाभरात तो लॅबमध्ये तपासायला घेतला गेला पाहिजे. वाडीवरून डबीत घेऊन एसटीने निघालात तर तो तास वाटेतच संपतो. लॅबमध्येच द्यावा. नवरा मुंबईत असेल तर तिथेच, इकडच्या तपासण्या होत असतानाच.

मुंबईचा विषय आला म्हणून सांगायला हवं. ‘वर्षभर प्रयत्न करूनही दिवस नाहीत’ ही वंध्यत्वाची व्याख्या, पस्तिशीपुढे सहा महिने. ती एकत्र राहणाऱ्या जोडप्याची आहे. नवरा डोंबिवलीत, बायको सासू-सासऱ्यांजवळ राजापुरात. नवरा येणार गणपतीला, शिमग्याला, मे महिन्यात. किंवा ट्रॉलरवर खलाशी, मासेमारी बंद असेल तेव्हाच घरी. बारा महिन्यांत एकत्र असणं तीन-चार वेळा, आणि दिवस राहू शकतात ते पाळीचक्रातले फक्त सहा: बीज फुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच. २८ दिवसांची पाळी असेल तर साधारण नववा ते चौदावा. चतुर्थीच्या आदल्या रात्री नवरा पोचला आणि बाईची पाळी त्याच दिवशी आली, तर गौरी-गणपती जाऊन, तो कामावर रुजू होईपर्यंत ते सहा दिवस सुरूही होत नाहीत. अशी तीन वर्षं गेलेल्या बाईला शेजारीण ‘काय गो, अजून कायच नाय?’ म्हणून टोकते, देवळात गाऱ्हाणं घातलं जातं, आणि मग एएमएच केला जातो. तो १.० आला की सगळं खापर त्यावर. खरं म्हणजे तिचे प्रयत्नाचे महिने मोजले तर जेमतेम चार भरतील. कोकण रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. तिकीट काढताना पाळीच्या तारखा समोर ठेवल्या, तर काही जोडप्यांना पुढचं काही लागायचंच नाही. आणि साठा खरोखर कमी असेल, तर सणाला भेटण्यावर भागणार नाही, बायकोने काही महिने मुंबईला राहावं हे घरच्यांना स्पष्ट सांगावं लागतं. डॉक्टरांनी सांगितलं म्हटलं की सासूबाई ऐकतात.

साठा कमी आणि थायरॉइडही मंद, असं दोन्ही असेल तेव्हा कामं एकामागून एक नाही, एकाच वेळी चालवायची. गोळी आज सुरू, सहा आठवड्यांनी टीएसएच. त्या सहा आठवड्यांत नवऱ्याची तपासणी आणि गर्भनलिकांचा एक्स-रे उरकून घ्यायचा. तो पाळी थांबल्यावर, बीज फुटण्याच्या आधी करतात. त्यात सोडतात त्या द्रावात आयोडीन असतं; तेलातलं द्रावण असेल तर ते शरीरात बराच काळ रेंगाळतं आणि थायरॉइड मंद करू शकतं. म्हणून आधी टीएसएच, आणि नंतर महिन्याने पुन्हा. वय जास्त, साठा फार कमी, आणि टीएसएच उतरायला वेळ, अशा वेळी काही ठिकाणी बीजं काढून गर्भ गोठवून ठेवतात आणि टीएसएच आटोक्यात आल्यावर आत सोडतात. बीज वाढवण्याच्या इंजेक्शनांनी इस्ट्रोजेन चढतं आणि थायरॉइडचे आकडे त्या दिवसांत हलतात, म्हणून टीएसएच एकतर इंजेक्शनांच्या आधी करावा किंवा नंतर एक-दोन आठवड्यांनी. मधला आकडा बघून डोस बदलू नये. उपचार कुठेही घ्या, केंद्राची २०२१ च्या कायद्याखालची नोंदणी बघून घ्या. या कायद्यात वयाची मर्यादा बाईला ५० आणि पुरुषाला ५५ आहे.

थायरॉइड जास्त काम करतंय, टीएसएच अगदी खाली आहे, असं असेल तर वेगळी सावधगिरी लागते. थायरॉइडला आवर घालणारं कार्बिमाझोल चालू असताना दिवस राहिले तर पहिल्या तीन महिन्यांत बाळाला धोका असतो. म्हणून प्रयत्न सुरू करण्याआधीच औषध बदलण्याबद्दल बोलावं. किरणोत्सारी आयोडीन घेतलं असेल तर निदान सहा महिने थांबावं.

आणि दिवस राहिले, तर? बाळाचं स्वतःचं थायरॉइड पहिले तीन महिने तरी नीट चालत नाही, तोवर सगळा पुरवठा आईचा. त्यामुळे आधीपासून थायरॉक्सिन घेणाऱ्या बाईचा डोस घरच्या चाचणीवर दोन रेघा दिसल्या त्याच आठवड्यात वाढवावा लागतो. सोपी पद्धत म्हणजे आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या: दोन वारांना दोन-दोन. हे डॉक्टरांशी आधीच बोलून कागदावर लिहून घ्यावं, म्हणजे पावसात घाट बंद असला तरी फोनवर काम होतं. पाचव्या महिन्यापर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच, मग तिसाव्या आठवड्याच्या सुमारास एकदा. उलट्यांच्या दिवसांत सकाळची गोळी पडून जात असेल तर ती रात्री झोपताना घ्यावी, लोहाची गोळी दुपारीच. बाळंतपणानंतर डोस पूर्वीइतका, सहा आठवड्यांनी पुन्हा टीएसएच. टीपीओ वाढलेल्या बायकांत बाळंतपणानंतरच्या वर्षात थायरॉइड पुन्हा डोकं वर काढतं: आधी धडधड, घाम, वजन उतरणं, मग सुस्ती आणि उदासी. ‘बाळंतपणाचा थकवा’ म्हणून ते सोडून देऊ नये.

बाळाचाही टीएसएच करून घ्यावा, टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन, जन्मानंतर ४८ ते ७२ तासांत. सगळीकडे तो आपण होऊन केला जात नाही, मागावा लागतो. जन्मतः थायरॉइड मंद असलेलं बाळ पहिल्या दिवसांत अगदी निरोगी दिसतं. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर त्याची बुद्धी आणि वाढ जपता येते. ती गोळीही थायरॉक्सिनचीच, चिरडून आईच्या दुधाच्या दोन-चार थेंबांत चमच्याने द्यायची. दुधाच्या बाटलीत घालायची नाही, कारण बाळाने दूध अर्धवट टाकलं तर औषध किती पोटात गेलं ते कळत नाही.